शेगडी, शीड आणि शहाणपण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, मुख्य भूमी आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या सोलेंट नावाच्या चिंचोळ्या समुद्राच्या दोन्ही काठांना, हिवाळ्यातल्या मित्रमंडळींच्या गप्पांचे विषय मुख्यतः दोन: घर कसे गरम ठेवावे आणि समुद्रात जिवंत कसे राहावे. राजकारण आणि गुडघेदुखी मधूनमधून डोकावून जातात, पण टिकत नाहीत. गप्पांचे ठिकाण पब. मंडळी साधारण साठीची, निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेली. प्रत्येकाकडे एक जुने घर आणि एक जुनी शिडाची यॉट असते, आणि दोन्हींत पाणी झिरपत असते. पहिला पेला अर्धा होईपर्यंत थर्मोस्टॅट निघतो. दुसरा संपेपर्यंत लाइफजॅकेट.

मोसमाची सुरुवात ऑक्टोबरमध्ये एका प्रश्नाने होते: बॉयलर लावला का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा पहिला माणूस त्या वर्षापुरता हरलेला असतो. बाकीचे ‘छे, एवढ्यात कशाला?’ म्हणतात आणि अंगातला कोट काढत नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यावर सगळ्यांकडेच बॉयलर सुरू होतो आणि स्पर्धा अंशांवर येते. संवादाचा नमुना असा:

“तुझं घर किती अंशांवर?”
“अठरा.”
“अठरा? आम्ही साडेसोळा.”
“आणि बायको?”
“ती बहिणीकडे गेलीय.”

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड प्रदेशांतल्या घरांसाठी १८ अंश सेल्सियस हे किमान सुरक्षित तापमान म्हणून सांगितले आहे. पबमध्ये हा आकडा कमाल समजला जातो. २१ सांगणाऱ्याकडे वारसाहक्काने पैसा आला असावा, असे गृहीत धरतात. १५ सांगणाऱ्याला थोर मानतात, जरी तो रोज संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत पबवाल्याच्या खर्चाने ऊब घेत बसलेला असला तरी.

या चर्चेला कधीही खाद्य कमी पडत नाही, याचे श्रेय ऑफजेम या नियामक संस्थेचे. घरगुती वीज आणि गॅसच्या दरांवर ती कमाल मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा मर्यादा वर्षातून दोनदा बदलायची. ऑक्टोबर २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनी बदलते. म्हणजे वर्षातून चार वेळा सर्वांना एकदम संतापता येते. त्यात सरकारनेही मदत केली. पेन्शनरांना हिवाळ्यात इंधनासाठी १९९७ पासून मिळणारी रक्कम २०२४ मध्ये फक्त गरिबांपुरती ठेवली, आणि ओरड झाल्यावर २०२५ मध्ये वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पुन्हा देऊ केली. नऊ मीटरची यॉट बाळगणाऱ्या माणसालाही या प्रश्नावर गरिबांची बाजू किती पोटतिडकीने मांडता येते, हे त्या हिवाळ्यात दिसले.

थोडे तंत्रज्ञान इथे सांगितले पाहिजे, कारण पबमध्ये ते सांगितल्यावाचून कोणी सोडत नाही. ब्रिटनमधली बहुसंख्य घरे गॅसवर तापतात. बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरते. २००५ पासून नवा बॉयलर ‘कंडेन्सिंग’ जातीचा असावा लागतो. धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही तो वसूल करतो. पण त्यासाठी रेडिएटरांतून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावे लागते. अनेक घरांत बॉयलर बसवणाऱ्याने निघणाऱ्या पाण्याचे तापमान ७५ किंवा ८० वर ठेवून दिलेले असते, त्यामुळे ही वसुली नीट होतच नाही. हे ज्याला प्रथम कळते तो पुढचे दोन महिने इतरांच्या घरी जाऊन त्यांच्या बॉयलरची खुंटी फिरवतो. त्याला चहा मिळतो. दुसऱ्यांदा बोलावणे मिळतेच असे नाही.

खरी लढाई हीट पंपावर होते. हे यंत्र शीतकपाटाच्या उलट चालते: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणते. कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा पंप बसवायला २०२३ पासून साडेसात हजार पौंडांचे अनुदान मिळते. एक युनिट वीज घालून सुमारे तीन युनिट उष्णता मिळते, असे समर्थक म्हणतो. वीज गॅसच्या सुमारे चौपट महाग आहे, असे विरोधक म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात, म्हणून वाद मिटत नाही. घराच्या भिंती नीट बंदिस्त असतील आणि रेडिएटर मोठे असतील तर पंप परवडतो. पहिल्या महायुद्धाआधीच्या, एकसंध विटांच्या, फटींतून वारा शीळ घालणाऱ्या घरात परवडणे अवघड. मंडळींपैकी कोणीही स्वतःची भिंत मोजलेली नसते. मोजली तर बोलायला उरणार काय?

वारा वाढून पबच्या खिडक्या वाजू लागल्या की विषय आपोआप समुद्राकडे वळतो. इथे सूर बदलतो. ऊब हा हिशेबाचा विषय होता. समुद्र हा पराक्रमाचा विषय आहे. घरी अर्ध्या अंशासाठी भांडणारा माणूस मे महिन्यातल्या सोलेंटच्या १२ अंशांच्या पाण्याला ‘जरा गारच’ म्हणतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, हा तपशील हीट पंपाच्या चर्चेत ज्याला तोंडपाठ असायला हरकत नव्हती, त्याला तो इथे आठवत नाही.

थंड पाण्यात पडलेल्या माणसाला बहुधा गारठून हळूहळू मरण येत नाही. १५ अंशांखालच्या पाण्यात पडताच धाप लागते, श्वास आवरत नाही, हृदयावर ताण येतो. पहिल्या मिनिट-दीड मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन माणूस बुडतो. ती वेळ निभावली तर हातपाय नीट चालण्याची साधारण दहा मिनिटे मिळतात. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. म्हणून लाइफजॅकेट आधीच अंगात असावे लागते. पाण्यात पडल्यावर ते चढवणे जवळजवळ अशक्य. हे मंडळींतल्या प्रत्येकाला माहीत असते. प्रत्येक जण ते दुसऱ्याला सांगतो. जाकिटे मात्र बोटीच्या पुढच्या कप्प्यात, नांगराच्या साखळीखाली, सुरक्षित असतात.

आधुनिक जाकीट स्वतः फुगते. १५० न्यूटन तरंगशक्तीच्या जाकिटात दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडचे छोटे नळकांडे असते, आणि पाणी लागताच विरघळणारी एक गोळी ते फोडते. नळकांडे कालांतराने सैल होते, गंजते. वर्षातून एकदा ते हाताने घट्ट करून वजन करून पाहायचे असते. बॉयलरचा दाब दर रविवारी पाहणारा आणि तो १ ते दीड बारच्या मध्ये नसल्यास रात्री न झोपणारा माणूस हे नळकांडे खरेदीच्या दिवसानंतर पाहत नाही. हिवाळ्यात जाकिटे घरी आणून जिन्याखालच्या कपाटात ठेवतात. तिथे काटकसरीमुळे रेडिएटर बंद असतो, म्हणून ओल धरते, आणि ओलीने ती गोळी कधीकधी आपोआप विरघळते. मग मध्यरात्री कपाटात फाडकन आवाज होऊन जाकीट फुगते. ते चालते, याचा अनेक घरांत मिळालेला हा एकमेव पुरावा.

कायद्याकडे पाहिले तर मंडळींना फार दोष देता येत नाही. घरातल्या गॅसच्या बॉयलरला हात लावायचा असेल तर कारागिराचे नाव गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावे लागते. भाड्याच्या घरात गॅसचा बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे इंग्लंडमध्ये २०२२ पासून घरमालकावर बंधनकारक आहे. याउलट, १३.७ मीटरपेक्षा कमी लांबीची स्वतःची यॉट घेऊन कोणीही, कोणत्याही परवान्याशिवाय, थेट अटलांटिककडे निघू शकतो. जाकीट बाळगण्याचीही सक्ती नाही. प्रवासाचा आराखडा मात्र त्याने केलेला असावा लागतो. पबमध्ये या स्वातंत्र्याचा उल्लेख अभिमानाने होतो. शेजारच्या आयर्लंडमध्ये लहान बोटींवर जाकीट घालणे सक्तीचे आहे, हे सांगितले तर त्यावर सहानुभूतीने मान हलवतात.

तिसऱ्या पेल्याला १९७९ सालची फास्टनेट शर्यत येते. येणारच. त्या ऑगस्टमध्ये ३०३ यॉट निघाल्या, वाटेत वादळाने गाठले, शर्यतीतले १५ जण मृत्युमुखी पडले आणि अवघ्या ८६ नावांनी शर्यत पूर्ण केली. २४ नावा लोकांनी सोडून दिल्या. त्यांतल्या पाच बुडाल्या आणि १९ नंतर तरंगत सापडल्या. नाव खरोखर बुडू लागेपर्यंत तराफ्यावर उतरू नये, हा धडा खलाशांनी त्यातून घेतला. पबमधले टेबल वेगळा धडा घेते: तेव्हाची माणसे खरी होती. या टेबलावर त्या शर्यतीत ‘जवळजवळ भाग घेतलेला’ एक तरी इसम असतोच.

टेबलावर एखादा मराठी माणूस असला, आणि साउदॅम्प्टनच्या परिसरात डॉक्टर किंवा संगणकवाल्याच्या रूपाने तो असू शकतो, तर त्याची परीक्षा उष्णतेच्या प्रकरणात होते. पुण्यात वाढलेल्या माणसाने घर २३ अंशांवर ठेवणे क्षम्य मानतात, पण त्याचे मत विचारत नाहीत. समुद्राच्या प्रकरणात मात्र त्याच्या हाती हुकूम असतो. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ज्या ‘सुहैली’वरून गेले, ती सागवानी नाव मुंबईत बांधलेली होती. ‘सुहैली’च्या धर्तीची ‘थुरिया’ गोव्यात बांधली गेली. तिच्यावरून २०१८ च्या, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरलेले भारतीय खलाशी अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीला जबर इजा होऊन पडून राहिले, फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले, आणि त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला ते दुसरे आले. एवढे सांगून झाले की टेबलावर काही क्षण शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतो, “ते ठीक, पण तू बॉयलर किती अंशांवर ठेवतोस?”

मंडळींत सर्वांत कमी बोलणारा माणूस आरएनएलआयचा स्वयंसेवक असतो. ही जीवरक्षक बोटींची संस्था १८२४ मध्ये स्थापन झाली. ती सरकारी नाही, देणग्यांवर चालते, आणि तिचे बहुतेक खलाशी आपापला पोटाचा धंदा सांभाळून हे काम करतात. त्याच्या पेल्यात संत्र्याचा रस असतो आणि कमरेला पेजर. जाकिटे तपासायला घेऊन या, फुकट बघून देतो, असे तो दरवर्षी सांगतो. सर्वजण ही फार चांगली कल्पना असल्याचे मान्य करतात. पेजर वाजला की तो उठून जातो. त्याच्या मागे चर्चा आणखी रंगते, कारण आता चूक काढणारे कोणी उरत नाही.

दोन्ही विषय खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते एकाच ठिकाणी, आणि तिथे थट्टा थांबते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोणत्याही इंधनातून तो निघतो, आणि घरापेक्षा बोटीची केबिन फार लहान असते. २०१३ मध्ये विंडरमिअर सरोवरावरच्या एका बोटीत, घरगुती पद्धतीने जोडलेल्या जनरेटरचा धूर आत शिरून आई आणि मुलगी दगावल्या. अलार्म स्वस्त आहे. पबमध्ये याबाबत एकमत होते. टेबलावरच्या किती बोटींत तो चालू स्थितीत आहे, असे विचारले तर उत्तरादाखल एकाला आठवते की त्याची बॅटरी रिमोटमध्ये घातली होती.

एप्रिलमध्ये बॉयलर बंद होतात. सर्वांत आधी कोणाचा बंद झाला यावर महिनाभर चर्चा चालते, आणि नावा पाण्यात उतरतात. मग मरिनातल्या पंपावर डिझेल भरताना खासगी यॉटच्या मालकाला आकारणीसाठी सांगावे लागते की, यातले किती इंधन नाव चालवायला आणि किती केबिन तापवायला लागेल. तापवण्याच्या हिश्श्यावर कर कमी असतो. रूढ उत्तर ६० आणि ४० टक्के असे आहे. ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात, उघड्या अंगाने पंपावर उभे असलेले हेच गृहस्थ ४० टक्के डिझेल थंडीपासून बचावासाठी असल्याचे लिहून देतात, आणि या एका आकड्यावर त्या टेबलावर कधीही वाद झालेला नाही.