वरून वाघ, आतून भुगा

कमी पैशांत मोटारसायकलची सीट बदलणारा माणूस पैसे नेमके चुकीच्या थरावर खर्च करतो. सीटमध्ये थर तीनच: खाली प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा पाया, मधे फोम, वर रेक्झिन. भार फोम पेलतो, कौतुक रेक्झिनचं होतं. म्हणून वाघाचे पट्टे, लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई आणि कंपनीचं नक्षीदार नाव यांना मोकळा हात. फोमची पाळी आली की ‘भुग्याचा चालेल, तो कुठं दिसतो?’ दिसत नाही खरा, पण साताऱ्याला पोचेपर्यंत पाठीला सगळा दिसतो. परीक्षाही अंगठ्यानं दाबून होते, जणू प्रवास अंगठाच करणार आहे. अंगठ्याला लोण्यासारखा लागणारा फोम माणसाच्या वजनाखाली तासाभरात चपटा होतो आणि थेट पाया टोचू लागतो. घट्ट फोम तेवढा दबत नाही.

कुणी म्हणेल, गरिबाला एवढी चिकित्सा परवडत नाही. उलट, परवडत नाही म्हणूनच ती हवी. पाया शाबूत असेल तर जुनं कव्हर काढून फक्त बसका भाग बदलता येतो, अख्खी सीट घ्यावी लागत नाही. घट्ट फोमनं सीटची उंची वाढून पाय जमिनीला टेकणार नाहीत, हा आक्षेप मात्र खरा. त्यावर सीट पुढून निमुळती कापून घेणं हा उपाय आहे. मागे बसणाऱ्याचं काय? 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी त्याला पकडायला आधार आणि पाय ठेवायला जागा दिली. बुडाचा प्रश्न घरगुती समजून सोडला असावा.