घोंगडी भिंतीला, वऱ्हाड थंडीला

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांची वाट मोकळी होते. हल्ली ती वाट खंबाटकी, सुरूर फाटा, वाई असं करत पसरणी घाटातून वर चढते. पाचगणीच्या पुढे कुठल्यातरी उघड्या माळावर ‘रस्टिक’ थीमचं लग्न असतं. पत्रिकेत तळाला बारीक अक्षरात विनंती असते, ‘कृपया मातकट रंगाचे कपडे घालावेत.’ कुठलेही घाला. पार्किंगपासून मांडवापर्यंत चालत गेलात की तांबडी माती उरलेलं काम करते.

मुहूर्त हमखास गोरज, कारण फोटोग्राफरला तोच प्रकाश लागतो. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत अक्षता धरलेला हात कापायला लागतो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. हजार मीटर चढलं की पारा साधारण ६ अंशांनी उतरतो, हे यजमानांना ठाऊक नसतं असं नाही. त्यांनी घोंगड्या मागवलेल्या असतात, चांगल्या ढीगभर. त्या स्टेजमागे भिंतीसारख्या टांगलेल्या असतात. तेव्हा शाल आपली आपण न्यावी, आणि ‘फोटोत कसं दिसेल’ म्हणणाऱ्या भाचीसाठी एक जास्तीची. आठ वाजता तीच मागायला येते.

खुर्च्या नसतात; गवताच्या पेंढ्या असतात. या दिवसांत सगळं गवत वाळलेलं, आणि कुसळी गवताची कुसळं एकदा जरीत शिरली की ओढल्यावर बाहेर यायच्या ऐवजी आत सरकतात. आजीची पैठणी कपाटातच राहू द्या. टाचेचे बूट मातीत रुततात, गुळगुळीत तळाची कोल्हापुरी दवावरून घसरते. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी आधी फोन करून एकच विचारावं: स्वच्छतागृह मांडवाच्या वर आहे की खाली? कंदील दिसायला छान, पण पायाखालचं दाखवत नाहीत. टॉर्च घ्या. आहेर रोखच न्या. रेंज नसली की क्यूआर कोड ही नुसती रांगोळी.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. उतरताना न्यूट्रल नाही, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये. ज्यांना गाडी लागते त्यांनी वाईत मिसळ टाळावी, आलेपाक तोंडात धरावा.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूर, फटाके आणि अंगावर भसाभसा मारलेलं अत्तर या तिन्हींनी ती उठतात, आणि उठली की नवरदेव कोण, व्याही कोण हे बघत नाहीत. नवऱ्याच्या मित्रांनी रंगीत धुराच्या नळकांड्या आणल्या असतील तर त्या बॅगेतच राहतील असं बघा. रुसले तर रुसू देत.

रात्री १०नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा २०००चा नियम. शिवाय हा सगळा पट्टा २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. डीजेवाल्याला हे माहीत नसतं, पोलीस पाटलाला असतं. त्यामुळे नाचायचं ते लवकर. आणि पंगतीत पिठलं आधी संपवा, त्या हवेत ते मिनिटभरात थिजतं. ताटाचा भाव विचारू नका, ठेचा अधिकच झोंबेल.

वरात बैलगाडीतून निघते. गाडी हाकायला शेजारच्या गावातून भाड्याने बोलावलेले दादा फेटा सावरत कौतुकाने सगळं बघत असतात. त्यांना त्यांच्या लेकीच्या लग्नाचं विचारा. ते लग्न खाली वाईला, कार्यालयात. एसी आहे, गाद्यांच्या खुर्च्या आहेत, गरम पाणी आहे. तारीख लिहून घ्या आणि ‘आम्हालाही बोलवा बरं का’ म्हणायला लाजू नका.