पहिल्या डावाची आघाडी

क्रिकेटवेडे तुम्हाला ठाऊक आहेतच. आयपीएलच्या रात्री पानटपरीवर उभे राहून धोनीला सल्ले देणारे, भारत-पाकिस्तान सामन्यात ‘मी उठलो की विकेट पडते’ म्हणून चार तास एका जागी बसून राहणारे. ते परवडतात. मोसम संपला की पुन्हा माणसांत येतात. ज्याच्या शेजारी रणजीवाला राहतो त्याची मात्र दया करा. आमच्या जळगावच्या गल्लीत एक आहेत. त्यांना सगळे आप्पा म्हणतात आणि त्यांचा संघ आहे महाराष्ट्र.

‘महाराष्ट्र म्हणजे मुंबईच ना?’ असं त्यांना एकदा विचारून पाहा. तुमची संध्याकाळ गेली. क्रिकेटच्या नकाशात मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा. मग पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा आणि आपला खानदेश मिळून महाराष्ट्र.

“म्हणजे आपण उरलेले?”

“उरलेले कशाचे भो? आपणच महाराष्ट्र. ते दोघं वेगळे निघाले.”

एकत्र कुटुंबातून दोन भाऊ वाटणी घेऊन निघाले आणि दोघांनीही बंगले बांधले, ही सल त्या वाक्यात असते. मुंबईची रणजी विजेतेपदं ४२. विदर्भानं इतक्या उशिरा सुरुवात करून २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन नेली. महाराष्ट्राची दोन, १९३९-४० आणि १९४०-४१ ची. त्या वेळी आप्पांचा जन्म झालेला नव्हता आणि त्यांचे वडील चोपड्याकडे कपाशी निंदत होते. म्हणजे आपला संघ रणजी जिंकलेला या घराण्यात कोणीही पाहिलेला नाही. तरी आप्पा प्रा. दि. ब. देवधरांविषयी बोलतात ते काल संध्याकाळी भेटून आल्यासारखे. “संस्कृतचे प्राध्यापक! अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मुंबईला २४६ मारले! तुम्हाला अठ्ठेचाळीसाव्या वर्षी जिना चढवत नव्हता.”

आता आघाडीचं. रणजीचा साखळी सामना चार दिवसांचा. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याला तीन गुण, दुसऱ्याला एक. एवढा साधा नियम. पण तो आप्पांच्या डोक्यात शिरला तो मालकीहक्कानं. त्यांचं म्हणणं असं की, माणसाचे बहुतेक सामने अनिर्णितच सुटतात, तेव्हा हिशेब पहिल्या डावावर करायचा.

त्यांचा चुलतभावाशी शेताच्या बांधावरून खटला चालू आहे. तो या जन्मी संपणार नाही हे दोन्ही पक्षांना, दोन्ही वकिलांना आणि बांधालाही माहीत आहे. आप्पा निवांत. “खालच्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं आहे. पहिल्या डावाची आघाडी आपली. आता वर चालू दे किती चालायचं ते.” समोरच्या घरातल्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात आप्पांनी विचारलं, “भूल उतरली ना? मग आघाडी घेतली. आता नुसतं खेळून काढायचं.” पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटनं हा कोणता डॉक्टर, असं नर्सला विचारलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आमची लाही होते आणि आप्पा भुसावळचा आकडा शोधतात. भुसावळ अर्ध्या अंशानं पुढे असलं की दिवसभर खिन्न. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली, काड्यांवर वांगी भाजली जात असली, की आप्पा कळण्याच्या भाकरीवर पहिल्या पंगतीलाच तुटून पडतात. कारण विचारायची सोय नाही. काकूंनी मात्र एकदा सगळ्यांदेखत सांगितलं, “या घरात हे चाळीस वर्षं पहिल्या डावात मागे आहेत.” आप्पा म्हणाले, “म्हणून तर सामना वाचवत खेळतोय.”

नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी टेलच्या शेतापर्यंत पोचतं का, ते बघायचं. बहुतेक वेळा पोचत नसे. वाट पाहण्याचं शिक्षण असं सरकारी खर्चानं झालेलं. त्याआधीच १९७१ मध्ये, कॉलेजात असताना, पहिला घाव बसला होता. रणजीची अंतिम फेरी, समोर मुंबई, आणि मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये! याहून सोपा मुहूर्त निघणार नव्हता. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली मुंबईची उरलीसुरली मंडळी उतरली आणि महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. देवधरांचं वय सोडलं तर आप्पा अजून ‘अठ्ठेचाळीस’ हा आकडा उच्चारत नाहीत. भाजीवाल्याचे अठ्ठेचाळीस रुपये झाले तर पन्नास देतात आणि सुटे घेत नाहीत.

१९४९ च्या पुण्याच्या सामन्याचं मात्र ते कौतुकानं सांगतात. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण धावा २,३७६, प्रथम श्रेणीच्या कोणत्याही सामन्यात झाल्या नाहीत इतक्या. “चौथ्या डावात ६०४ केले भो! आहे का कोणाची हिंमत?” मग ३५४ धावांनी हरलो कसे, असं कोणी म्हटलं की आवाज खाली येतो. “२४४ ची आघाडी हातात असून त्यांनी परत ७१४ काढले. मुंबईवाल्यांना माणुसकी नाही.” त्या सामन्यातली आघाडी कोणाची होती, हा विषय तिथेच संपतो.

अशा माणसानं मुलगी कुठे द्यावी? धुळ्याला, देवपुरात, मुंबईवाल्याच्या घरात. २०१० मध्ये बैठक झाली, याद्या झाल्या, सुपारी फुटली, आणि पान खाताना व्याही सहज म्हणाले, “आमच्या मुंबईनं औंदा कर्नाटकाला सहाच धावांनी हरवलं बरं का.” आप्पांच्या तोंडातलं पान तिथंच थांबलं. व्याह्यांचा जन्म धुळ्याचा, हयात धुळ्याची. तरुणपणी दोन वर्षं लालबागला मामाकडे काढली, तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर मुंबईवाले. पण सुपारी फुटली होती. आप्पा घरी येऊन एवढंच म्हणाले, “मागणी त्यांच्याकडून आली. पहिल्या डावाची आघाडी आपली.”

व्याही पडले मानाचे, त्यामुळे भांडायचं तेही अहो-जाहो करत. दर मोसमात फोन यायचा आणि ठेवणीतल्या अहिराणीत प्रश्न यायचा, “काय व्याहीबुवा, तुमना महाराष्ट्र काय करी राह्यना?” मुंबईनं करंडक जिंकला की धुळ्याहून एसटीच्या कंडक्टरजवळ पेढ्यांचा पुडा यायचा. आप्पा त्याला हात लावत नसत, गल्ली लावायची. २०१६ ची अंतिम फेरी तर पुण्याजवळ गहुंजेला झाली आणि मुंबईनं सौराष्ट्राला डावानं हरवलं. त्या वर्षीचा पुडा दोन किलोंचा होता. सोबत चिठ्ठी, ‘मैदान दिल्याबद्दल आभारी आहोत.’

पण जानेवारी २०१४ आप्पांचा होता. उपांत्यपूर्व फेरी, वानखेडे, समोर गतविजेती मुंबई. महाराष्ट्राला चौथ्या डावात २५२ हवे होते. केदार जाधव नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१, सामना आठ गडी राखून खिशात. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये आप्पा खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन चढले. एरंडोल, पारोळा करत देवपुरात उतरले.

“या, या व्याहीबुवा. एवढा घड कशाला आणलात?”

“मोजून घ्या. आठ फण्या आहेत.”

व्याह्यांनी मोजल्या. मग आत वर्दी दिली आणि खापरावरच्या पुरणपोळ्या इतक्या आग्रहानं वाढवल्या की परतीच्या बसमध्ये आप्पांना विजय धड बसूनही साजरा करता आला नाही. पुढे हैदराबादच्या अंतिम फेरीत कर्नाटकानं महाराष्ट्राला सात गडी राखून हरवलं, तेव्हा धुळ्याहून फोन आला. “व्याहीबुवा, कर्नाटकवाल्यांना घड पाठवा. सात फण्यांचाही चालेल.”

संघाची यादी जाहीर झाली की आप्पा ती लग्नपत्रिकेसारखी वाचतात. आडनावावरून नातं लागतं का ते बघत. सत्यजित बच्छाव नाशिकचा, पण बच्छाव म्हणजे कसमादेचे, म्हणजे अहिराणीवाले, म्हणजे घरचेच. मुकेश चौधरी हे नाव दिसलं तेव्हा तर त्यांनी गल्लीला चहा पाजला. चौधरी म्हणजे जळगाव जिल्ह्याबाहेरचा असूच शकत नाही. तो निघाला राजस्थानातल्या भिलवाड्याचा. “असू दे,” आप्पा म्हणाले, “आडनावात तरी आघाडी मिळाली.”

या माणसाचा वैताग येतो. जेवताना येतात, झोपताना येतात, आणि पुद्दुचेरीविरुद्ध दुसऱ्या दिवशी उपाहाराला काय झालं ते सांगतात. पण आमच्याकडे बघा. लिलावात खेळाडू ज्या रंगात विकला जातो, त्या रंगाचे आम्ही होतो. यंदा पिवळे, पुढच्या वर्षी निळे. हरायला लागले की चॅनेल बदलतो. आप्पांना बदलायला चॅनेलच नव्हतं. बरीच वर्षं त्यांचा संघ पेपरच्या खेळाच्या पानावर तळाशी, टायरच्या जाहिरातीखाली दोन ओळींत खेळत असे. त्या दोन ओळींतून त्यांनी चार दिवसांचा खेळ उभा केला.

आमच्या मुलाची राज्यसेवा थोडक्यात हुकली तेव्हा येणारा प्रत्येकजण उपदेश देऊन गेला. आप्पा आले आणि नेहमीसारखे स्कोअरवर गेले. १९४८ चा डिसेंबर, पुणे, भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर. विश्रांतीला खेळ थांबला आणि समोरच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. विक्रम राहिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. मुलानं चिडून विचारलं, “मग उपयोग काय झाला?” आप्पा म्हणाले, “४४३ झाले होते की नाही? ते कोण पुसणार?” आणि ते त्याचं ताट पुढे ओढून जेवायला बसले. त्या आठवड्यात मुलगा पहिल्यांदा कोणाबरोबर तरी पोटभर जेवला. हे लिहिताना मला जरा जड जातंय, कारण ते माझ्याही ताटातलं भरीत संपवून गेले.

२०२३ च्या दिवाळीनंतर व्याही गेले. पुढच्याच मार्चमध्ये मुंबईनं विदर्भाला हरवून बेचाळीसावा करंडक नेला. धुळ्याच्या बसनं काही येणार नव्हतं. संध्याकाळी आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर फिरले. “व्याह्यांकडचे आहेत,” म्हणाले. पुड्यावर नाव नव्या पेठेतल्या दुकानाचं होतं. गल्लीत कोणी ते वाचून दाखवलं नाही. त्या वर्षी आप्पांनी पहिल्यांदा एक पेढा खाल्ला आणि मुंबईचा पेढा फार गोड असतो, अशी तक्रार केली.

त्यानंतरचा मोसम त्यांना मानवला नाही. स्कोअर सांगत, पण चार वाक्यांत उरकत. फेब्रुवारी २०२५ मध्ये गहुंजेलाच केरळनं जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात फक्त एका धावेची आघाडी घेतली, २८१ विरुद्ध २८०, आणि तेवढ्यावर उपांत्य फेरी गाठली. आप्पांच्या तत्त्वज्ञानाचा यापेक्षा मोठा विजय नव्हता. तेही त्यांनी आम्हाला दारातूनच सांगितलं. ऐकवायचं ज्याला होतं, तो देवपुरात राहिला नव्हता.

मग ऑक्टोबर २०२५ उजाडला. तिरुअनंतपुरमला केरळविरुद्ध पहिला सामना. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आलेला. आप्पांनी त्याचा उल्लेख ‘घरी परतलेला’ असा सुरू केला होता. खेळ सुरू झाला आणि फलक लागला, तीन बाद शून्य. शॉ शून्य. थोड्या वेळानं चार बाद पाच. तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. धुळ्याहून सातवीतला नातू बोलत होता, आवाज फुटू लागलेला, पण हेल थेट आजोबांचा. “काय आजोबा, तुमना महाराष्ट्र काय करी राह्यना?”

आप्पांनी फोनचा स्पीकर मोठा केला आणि नातवाला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावून आम्हा सगळ्यांना ऐकवला. संघ पाचावर चार गेलेला, आणि या गृहस्थाच्या चेहऱ्यावर विजयादशमी.

ऋतुराज गायकवाडनं ९१ काढले, जलज सक्सेनानं ४९, महाराष्ट्र २३९. केरळ २१९. सामना अनिर्णित सुटला, आघाडी वीस धावांची, गुण तीन. दिवाळी तोंडावर, काकू अनारशांच्या पिठात अडकलेल्या, आणि आप्पा मोजून वीस केळी पिशवीत घालून धुळ्याच्या बसला लागले. देवपुरात नातवानं आल्याआल्या पिशवी उपडी केली.

“आजोबा, एकोणीसच आहेत.”

“एक कंडक्टरला दिलं.”

“मग आघाडी कमी झाली.”

“होऊ दे भो,” आप्पा चपला काढत म्हणाले. “आघाडी एकाची असली तरी पुरते. केरळवाल्यांना विचार.”