न घेणाऱ्यांची सोय

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही लागू आहे. त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ सरकारी परवाना हवा, आणि व्हिस्की-रमसारखे कडक काही घ्यायचे तर वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत. न पिणाऱ्याकडे मात्र कायदा कसलाच कागद मागत नाही. कायद्यातली ही उणीव आपल्याकडचे यजमान आपापल्या दिवाणखान्यात भरून काढत आले आहेत. पिणाऱ्याला परवाना कोणी विचारत नाही. चौकशी होते ती दुसऱ्याची.

या चौकशीचा क्रम ठरलेला आहे. ‘आज गुरुवार का?’ ‘माळ घातलीस की काय?’ ‘गोळ्या चालू आहेत?’ ‘वहिनींनी बंद केली वाटतं!’ आणि सगळे मुद्दे फेटाळले गेल्यावर, ‘अरे, एक घोट घे, काही होत नाही.’ श्रावण पाळणाऱ्याला यात सन्मानाने वगळले जाते, कारण त्याची अडचण महिन्याभराची असते आणि गटारीला त्याने आगाऊ भरपाई केलेली असते. बारा महिने न पिणाऱ्याकडे सांगण्याजोगे कारण नसते, म्हणून तो खरा संशयित. यजमानाने हा सोपस्कार पाच मिनिटांत आटोपावा आणि सोयीला लागावे.

सोयीची पारंपरिक पद्धत सोपी आहे. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणावी, झाकण अर्धवट लावून टेबलाच्या टोकाला ठेवावी, शेजारी पोराच्या वाढदिवसाचे उरलेले कागदी पेले रचावेत. तिकडे काचेचे ग्लास पुसले जात असतात, बर्फाला वेगळे भांडे आणि चिमटा असतो, बाटली ड्यूटी-फ्रीमधून कोणी आणि कशी आणली याचे आख्यान चालू असते. इकडे फक्त ‘तिथे आहे बघ, घे हाताने’ एवढे म्हणायचे. साडेनऊपर्यंत बाटलीतला गॅस उडालेला असतो. छोटा भीम छापलेल्या पेल्यातून पन्नाशीचा गृहस्थ कोमट, गोड पाणी पितो आणि सगळ्यांच्या विनोदांना हसतो.

ही परंपरा ज्यांना मोडायची असेल त्यांच्यासाठी पुढील सूचना.

ग्लास सगळ्यांना एकच द्यावा. काचेचा, जड बुडाचा. ग्लास सारखा असला की निम्मी चौकशी आपोआप थांबते, कारण दहानंतर कोणाच्या ग्लासात काय आहे हे ओळखण्याच्या स्थितीत फारसे कोणी नसते.

गोड पेय टाळावे. यामागे शास्त्र आहे. पिणारा एक ग्लास तासभर पुरवतो, कारण त्याची चवच घाई करू देत नाही. सरबत दोन मिनिटांत संपते आणि गोडाचा दुसरा ग्लास नकोसा होतो. उरलेले तीन तास माणसाने करायचे काय? तो चकण्याकडे वळतो. मसाला पापड आणि खारे दाणे न पिणारेच संपवतात, हा पिणाऱ्यांचा जुना आरोप आहे. तो खरा आहे, पण त्याचे मूळ यजमानाच्या सरबतात आहे. म्हणून पेय आंबट, खारट, तिखट असावे. घोटाघोटाने प्यावे लागेल असे.

या कसोटीला कोकमाइतके दुसरे काही उतरत नाही. मात्र बाजारात त्याचे तीन अवतार मिळतात आणि घाटावरचे यजमान त्यांची हमखास गल्लत करतात. आमसूल म्हणजे रातांब्याची वाळवलेली साल. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. अमृत कोकम म्हणजे साखरेत, उन्हात मुरवलेला पाक. सरबत अमृत कोकमाचे, सोलकढी आगळाची किंवा आमसुलांची. आगळात मीठ आधीच भरपूर असते. चव न घेता वर आणखी चमचाभर घालणाऱ्याने रात्री पाहुण्यांसाठी पाण्याचा टँकर सांगून ठेवावा. अमृत कोकमात चिमूटभर जिरेपूड, सैंधव आणि पाण्याऐवजी सोडा घातला की गोडवा आटोक्यात येतो. बर्फही पाण्याचा न घेता कोकमाच्याच पाण्याचा लावावा, म्हणजे शेवटचा घोट पहिल्याइतकाच लागतो.

आणि आख्यान विसरू नये. भारतात स्कॉचला भौगोलिक मानांकन आहे, तसे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही आहे. तेव्हा ‘हे आगळ मालवणचं, आत्याच्या वाडीतलं’ हे वाक्य बाटली उजेडात तिरकी धरून, सावकाश म्हणावे. आत्या नसली तरी चालेल. ड्यूटी-फ्रीच्या गोष्टीतही सगळे खरे नसते.

सोलकढीचा विषय नाजूक आहे. ती करून फ्रिजमध्ये ठेवली की वर साय धरल्यासारखा थर येतो आणि यजमानीणबाई ‘नासली’ म्हणून ओतायला निघतात. नासलेली नसते. खोबऱ्याचे तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, एवढेच. उपाय म्हणून ती गरम करू नये, फुटेल. आगळाचे पाणी गार करून ठेवावे, नारळाचे दूध आयत्या वेळी काढावे, लसूण-मिरची ठेचून घालावी आणि लगेच द्यावी. लसणामुळे रात्री अकराच्या मिठ्यांमध्ये दोन्ही पक्षांच्या तोंडाला वास येतो, आणि तेवढीच समता साधते.

चैत्र-वैशाखात पन्हे. हळदीकुंकवाचे पन्हे गोड असते, पार्टीच्या पन्ह्यात गूळ निम्मा करावा, वेलचीला रजा द्यावी, भाजल्या जिऱ्याची पूड आणि मिरपूड घालावी. सोडा मिसळायचा असेल तर आजी झोपल्यावर. मठ्ठ्याला आले, कोथिंबीर आणि हिंग पुरे, त्यात बर्फ घालू नये. पियूष अजिबात देऊ नये. श्रीखंड आणि ताक मिळून ते जेवणच होते आणि पाहुणा तुमच्या बिर्याणीकडे ढुंकून बघत नाही. लिंबाचा रस सकाळी काढून ठेवल्यास संध्याकाळी कडवट लागतो. ज्या निळ्या रंगाचे एकही फळ आपल्या मंडईत मिळत नाही, त्या रंगाचे काही देऊ नये, वर छत्री खोचलेली असली तरी.

सर्वांत अवघड भाग पुढे आहे. पिणाऱ्याचा ग्लास अर्धा झाला की चार हात पुढे येतात. न घेणाऱ्याचा एकदा भरला की यजमान कर्तव्यमुक्त होतो. यासाठी घरातल्या एखाद्या जबाबदार व्यक्तीची नेमणूक करावी. जबाबदार व्यक्ती म्हणून स्वतः न पिणाऱ्यालाच नेमण्याची चाल आहे, ती सोडावी. पार्टी गच्चीवर काँट्री काढून असेल, तर त्याच्याकडून व्हिस्कीचा हिस्साही घेऊ नये. तो तक्रार करत नाही, हे खरे आहे. तरीही घेऊ नये.

साडेबाराला मात्र त्याचे महत्त्व एकाएकी वाढते. ‘तू तर घेतलेली नाहीस ना?’ हे वाक्य तेव्हा प्रथमच कौतुकाने उच्चारले जाते आणि एकाला कळवा, दुसऱ्याला डोंबिवली, तिसऱ्याला थेट बदलापूर अशी त्याची फेरी ठरते. निघताना गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. ज्याला पिशवीची गरज भासेल त्याला खिडकीपाशी, आणि चालकाच्या मागे नव्हे, तर डाव्या बाजूला बसवावे. उरलेली सोलकढी या चालकाबरोबर देऊ नये, बदलापूरपर्यंत ती टिकणार नाही. अमृत कोकमाची न फोडलेली बाटली असेल तर ती द्यावी, आणि पेट्रोलचे विचारावे.