'द' लावणारे सर

हिंजवडीजवळच्या माणमध्ये, आयटी पार्कच्या फेज थ्रीतल्या प्रत्येक कंपनीत हे सर सापडतात. हुद्दा टीम लीड, वय चाळिशीचं, शाळा मराठी माध्यमाची आणि इंग्रजी पाचवीपासून. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. पण तोवर सर कॉलेजच्या वाटेला लागलेले. पाचवीपासून शिकलेली माणसं आर्टिकलच्या बाबतीत फार कडवी. बाटगा मोठ्यानं बांग देतो, त्यातलाच प्रकार.

क्लायंटला जाणारा मेल आधी सरांच्या नजरेखालून जातो.

"'सर्व्हर इज डाउन' काय? कुठला सर्व्हर? 'द' लाव."

पोरगं 'द' लावतं.

"आता 'इश्यू'आधी 'ॲन'. पहिल्यांदाच उल्लेख आलाय ना? पुढच्या ओळीत 'द' कर."

तेवढ्यात क्लायंटचाच फोन येतो. फोनवर मात्र सर सगळी आर्टिकलं गाळून बोलतात. घाई असते.

नियम पाठ आहेत, हे मान्यच. मुळा नदीला 'द' लागतो, माणला लागत नाही. 'एमआयडीसी ऑफिसर'ला 'ॲन', कारण स्वर कानाला लागतो, कागदावर एम असला तरी. 'युनिव्हर्सिटी'ला उलट 'अ'. मेट्रोचे नुसते खांब दिसत होते तेव्हा माण-शिवाजीनगर मेट्रोला सर 'अ मेट्रो' म्हणत. गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय 'द' द्यायचा नाही, असा बाणा. हा नियम व्याकरणात नाही, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसलेल्या माणसाला तो पटतो.

घरी आल्यावर हे खूळ मराठीत उतरतं. "मला एक ताप आलाय," असं सर म्हणाले की वहिनी "दुसरा कधी येणार?" विचारून मोकळ्या होतात.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाकांनी टाकलं, 'टँकर विल कम ॲट फोर.' सरांनी लगेच हरकत घेतली. रोजचा ठरलेला असेल तर 'द'. आज दुसऱ्याच माणसाचा येतोय, म्हणून 'अ'.

"अहो, पाणी आल्याशी मतलब," काका म्हणाले.

खजिनदारबाईंनी लिहिलं, "आपण दोन मागवलेत."

म्हणजे 'अ' गेला, वर एस आला. सर गेटवर उभे राहून दुरुस्ती टाइप करत होते, तोवर टँकर मागे घेत ड्रायव्हर ओरडला, "सायेब, झाकण उघडा!"

"कुठलं झाकण?"

"टाकीला किती झाकणं असत्यात ओ?"