घोणशीला दिवस गेले

बिल्डिंगमधल्या कुठल्या सुनेला दिवस गेलेत हे आमच्या आईला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. पोट टोकदार असेल तर मुलगा, पसरट असेल तर मुलगी, हे मात्र ती आवाज खाली आणून सांगते, कारण कायदा तिलाही माहीत आहे. ही विद्या वारशानं माझ्याकडं उतरली आहे अशी माझी समजूत होती. फरक इतकाच, की मी ती सापांवर चालवायला गेलो.

मी सर्पमित्र आहे. म्हणजे पोटासाठी लोकांचे विमे उतरवतो आणि फोन आला की हूक घेऊन पळतो. रविवारी गावाबाहेरच्या एका बचाव केंद्रात जाऊन टब घासतो, पाणी बदलतो आणि नव्या पोरांना ज्ञान देतो. यातलं तिसरं काम मला कुणी सांगितलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिथं एक घोणस आली. विहिरीचं काम चालू असताना जेसीबीनं तिची पाठ सोलवटली होती आणि जखम भरेपर्यंत तिला सोडता येत नव्हतं. चांगली चार फुटी. पाठीवर काळ्या कडांच्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि शरीराचा मागचा अर्धा भाग असा फुगलेला, की खवले एकमेकांपासून लांब सरकून मधली कातडी दिसत होती. मी टबावर वाकलो, मान तिरकी केली आणि आईच्या सुरात म्हणालो, "पोटुशी आहे."

अंदाज अगदीच हवेतला नव्हता. आपल्याकडचे नाग, मण्यार, धामण अंडी घालतात. घोणस आणि फुरसं मात्र अंडी पोटातच वाढवून थेट पिल्लं देतात. घोणशींचं मीलन हिवाळ्यात होतं, पिल्लं मे ते जुलैच्या आसपास, आणि एका वेताला वीस-चाळीस म्हणजे काही विशेष नाही. महिना जुळत होता. बाई दिलेला उंदीर हुंगूनही बघत नव्हत्या. दिवसभर बल्बखाली ऊब घेत पडून असायच्या. पोटुशी सापीण अन्न सोडते आणि ऊब शोधते, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. मादी आहे हेही मी तपासलं होतं: नराची शेपूट लांब आणि बुडाशी जाड असते, कारण त्याचं जननेंद्रिय तिथंच आत घडी घालून ठेवलेलं असतं. हिची आखूड आणि एकदम निमुळती. तेवढं बरोबर निघालं, हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही नाही.

आता, दुखावलेला, बंदिवासात घाबरलेला साप जेवत नाही. कात टाकायला आलेला साप जेवत नाही. जखम भरताना साप ऊब शोधतो. हेही त्याच पुस्तकात, बहुधा त्याच पानावर असतं. पण डोहाळे एकदा दिसायला लागले की उलट्यासुद्धा शुभ वाटतात. केंद्राच्या नोंदवहीत मी स्वहस्ते शेरा लिहिला, 'मादी, गाभण', आणि खाली लाल पेनानं रेघ मारली.

मग बाळंतपणाची तयारी. घोणशीचं पिल्लू जन्मतःच वीतभर असतं, पातळ पापुद्रा फाडून बाहेर येतं आणि पहिल्या मिनिटापासून विषारी असतं. अशी चाळीस पिल्लं टबाच्या हवेच्या भोकांतून निघाली तर केंद्र आम्हाला सोडून पळावं लागलं असतं. म्हणून मी भोकांवर मच्छरदाणीची जाळी चिकटवली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. एका पोरानं विचारलं, "सर, घोणशीची पिल्लं आईचं पोट फाडून येतात ना?" मी त्याला हिरोडोटस ऐकवला. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यानं असंच काहीसं लिहून ठेवलंय, आणि प्रत्यक्ष न बघता सापांबद्दल ठोकून देणारी माणसं जगात कशी असतात, यावर मी बराच वेळ बोललो. पोरगा शांतपणे माझ्या तोंडाकडं बघत होता.

बापाची चौकशीही झाली. ती आईनं केली. मी सांगितलं, सापांच्यात तो प्रश्न विचारत नाहीत. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवू शकते; अमेरिकेतल्या एका डायमंडबॅक रॅटलस्नेकनं पाच वर्षं एकटीनं पिंजऱ्यात काढून मग 19 पिल्लं दिली होती. आई म्हणाली, "बघ बाई, सोय."

खात्री करायची कशी, हा खरा पेच. अजगरासारखा बिनविषारी साप असेल तर त्याला दोन्ही हातांवरून हळूहळू सरकू देतात. पोटातली अंडी बोटांना लागतात. घोणशीच्या बाबतीत बोटं लावण्याआधी ती किती लागतात याचा हिशेब करावा. कुकरच्या शिटीसारखा तिचा फुत्कार तुम्ही ऐकला असेल. तो कमी पडला तर ती अख्खं अंग उसळवून झेपावते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यात घोणशीचा वाटा मोठा आहे. विमा एजंटाला आकडा बरोबर कळतो. तेव्हा सोनोग्राफी.

शेळ्या-कुत्री बघणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई हातात धरायचं मशीन घेऊन आल्या. "इथं गर्भलिंगनिदान होणार नाही," त्यांनी आल्याआल्या सांगितलं. सापाला तपासायचं तर त्याचं तोंड पारदर्शक नळीत शिरू द्यायचं आणि अर्धं अंग आत गेलं की नळी आणि साप एकाच मुठीत पकडायचे. नळी बेताचीच हवी, आत वळायला जागा राहता कामा नये. गर्भारपणात कोंडमारा नको म्हणून मी एक माप मोठी निवडली. घोणस आत शिरली, थांबली, स्वतःच्याच अंगावरून घडी घालून सावकाश वळली, आणि नळीच्या माझ्याकडच्या तोंडातून तिची उभी बाहुली माझ्याकडं बघायला लागली. हूक कुणी मारला, नळी कुणी बदलली हे मला माहीत नाही. मी तेव्हा पाण्याच्या टाकीमागं होतो. दुसऱ्या नळीत तिला घालणाऱ्या पोराला मिसरूड फुटलेलं नव्हतं.

शेपटीकडची बाजू धरण्याचं काम मला मिळालं. बाईंनी खवल्यांवर जेल चोपडलं आणि पडद्यावर करडा पाऊस सुरू झाला. त्या पावसात काहीतरी थडथडत होतं. "ठोका!" मी ओरडलो. "ते बघा, ठोके!"

बाईंनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हात स्थिर ठेवा," त्या म्हणाल्या. ठोके थांबले.

मशीन वरून खाली, खालून वर फिरलं. मग बाईंनी जेल पुसत निदान सांगितलं, "पिल्लू एकही नाही. शी आहे."

जाडजूड अंगाचे व्हायपर जातीचे साप विष्ठा महिनोन्‌महिने पोटात बाळगतात. आफ्रिकेतल्या गबून व्हायपरच्या बाबतीत हा काळ 420 दिवसांपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि हा ऐवज शरीराच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत भरू शकतो. मागचं अंग जड असलं की पुढच्या अंगानं झेपावताना बूड पक्कं राहतं, असा एक तर्क आहे. म्हणजे मी ज्याला मातृत्व म्हणत होतो ते बहुधा गिट्टी होतं.

कोमट पाण्याच्या टबात ठेवल्यावर संध्याकाळी कार्यभाग उरकला. वर्णन करत नाही, बादली लागली. घोणस मागून अशी सडपातळ झाली की ही तीच का, असं वाटावं. दुसऱ्या दिवशी तिनं उंदीर खाल्ला. आईचा फोन आला.

"काय झालं रे तिचं?"

"मोकळी झाली."

"सगळी सुखरूप?"

मी हो म्हणालो.

जखम भरली आणि सोडायच्या वेळी वनरक्षक आले. साप संरक्षित प्राणी, तेव्हा वहीतली प्रत्येक नोंद त्यांनी बोट ठेवून वाचली. लाल रेघेवर बोट थांबलं.

"गाभण म्हणताय. पिल्लं कुठायत?"

"नव्हतीच."

"तुम्हीच लिहिलंय. एवढी पिल्लं नोंदीविना गेली कुठं? कुणी नेली?"

मी व्हाइटनरची बाटली काढली. शासकीय नोंदीत खाडाखोड म्हणजे काय होतं ते त्यांनी ऐकवलं, तशी ती खिशात गेली. शेवटी बाईंकडून फोनवर दाखला मागवला: सदर घोणस तपासली असता गर्भ आढळला नाही, सदर उदरवाढ विष्ठेमुळे. वनरक्षकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, हे पंचांसमक्ष लिहून घ्यावं लागेल. गाभण असल्याचं मत कुणी दिलं आणि टबातून प्रत्यक्षात काय निघालं, दोन्ही स्पष्ट नावानिशी. पंच दोन लागतात.

सही करायला केंद्रातली सगळी पोरं रांगेत उभी राहिली.