स्प्रिंग कडक, मालक नरम

कॉइलओव्हर बसवू पाहणाऱ्या नवशिक्याने सुरुवात गाडीखाली वाकून करायची नसते, घरातून करायची असते. "गाडीचे शॉकअप गेलेत, बदलावे लागणार," एवढंच जेवताना बोलून ठेवावं. हे अगदीच खोटंही नाही. किती लागतील असं कोणी विचारलंच, तर "उस्ताद सांगेल तसं" म्हणावं आणि वरण वाढून घ्यावं. लाखाच्या घरातली वस्तू आहे. ती हैदराबादेत काचीगुड्याच्या मराठी घरात टप्प्याटप्प्यानेच उघड झालेली बरी.

आता वस्तू समजून घेऊ. चाकाजवळची स्प्रिंग वजन पेलते आणि शॉकअप, म्हणजे डँपर, तिचं नाचणं थांबवतो. कॉइलओव्हरमध्ये डँपरच्या नळीवर आटे पाडलेले असतात, आट्यांवर कॉलर फिरते, कॉलरवर स्प्रिंग बसते. कॉलर खाली उतरवली की गाडी खाली. इथे नवशिक्याला एक शंका यायला हवी, ती सहसा येत नाही. आपल्या स्विफ्टला किंवा पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे; म्हणजे स्प्रिंग डँपरवरच चढवलेली, कंपनीतूनच तशी आलेली. मागे टॉर्शन बीम आहे. तिथे स्प्रिंग वेगळी, डँपर वेगळा, आणि कितीही महागडं किट आणलं तरी ते दोघे वेगळेच राहणार. थोडक्यात, पुढे जे बसवायचं ते होतंच आणि मागे जे हवंय ते होणारच नाही. आपण पैसे मोजतो ते आट्यांचे, फिरत्या कॉलरचे आणि वरच्या टोकाला असलेल्या क्लिकवाल्या खुंटीचे. ही शंका गॅरेजमधल्या उस्तादसमोर काढू नये. त्याला ती कधीच आलेली आहे.

पहिला निर्णय उंचीचा. जगात तो मिलिमीटरमध्ये घेतात, हैदराबादेत बोटांमध्ये. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत उस्ताद आपला ग्रीसचा हात घालतो, चार बोटं सहज आत जातात, आणि तो नाराजीने मान हलवतो. "कित्ता नीचे होना बोलो मियाँ, तीन उंगली के दो?" नवशिक्या हमखास दोन म्हणतो. "हौ," उस्ताद म्हणतो, "पन ब्रेकर पे हौले हौले चलाना पडता, बाद में मेरेकू नक्को बोलना."

या वाक्यातलं गणित उस्ताद सांगत नाही, म्हणून इथे मांडतो. रिकाम्या पोलोखाली 165 मिलिमीटर जागा आहे असं धरा. दोन बोटांच्या हौसेपायी ती 40 मिलिमीटर खाली आणली, उरले 125. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर 100 मिलिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असा सावकाश गोलाई घेतलेला असावा, म्हणजे ताशी 25 च्या वेगात तो सुखाने ओलांडता येतो. उरले 25. आता गाडीत आणखी तिघं बसवा. तीन माणसांचे दोनशे किलो, चार स्प्रिंगांवर वाटले तर प्रत्येकीवर पन्नास. कंपनीची स्प्रिंग मिलिमीटरमागे अडीच किलोची असेल, तर गाडी आणखी 20 मिलिमीटर बसली. उरले पाच. आणि हा हिशेब नियमातल्या ब्रेकरचा. आपल्या गल्लीतला ब्रेकर नियमातला नसतो; कोणाच्या तरी मुलाला रिक्षाचा धक्का लागला त्या रात्री वस्तीने सिमेंट कालवून तो घातलेला असतो, आणि त्याचा आकार त्या रात्रीच्या रागाएवढा असतो.

असा ब्रेकर तिरका ओलांडायचा. आधी डावं चाक, मग उजवं, मग मागची त्याच क्रमाने, आणि या अवधीत मागच्या स्कूटरवाल्याचा हॉर्न वाजत राहील. त्याच्याकडे पाहू नये.

गाडी खाली घेतली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. जागा संपली की रबराचा बंप स्टॉप येतो, आणि त्याच्यावर गाडी आदळते तेव्हा आपण कितीची स्प्रिंग निवडली होती याला काही अर्थ राहत नाही. ते आदळणं टाळायचं तर स्प्रिंग कडक हवी. कडक स्प्रिंगचा प्रश्न उद्भवतो तो असा, वळणावर गाडी कलू नये वगैरे कारणं मागाहून जोडलेली असतात. उलट मॅकफर्सनची गाडी फार खाली घेतली तर खालचा आर्म बाहेरच्या बाजूला वर चढतो, रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, आणि वळणावर कलण्याचा जोर वाढतो. हा तोटा भरून काढायला स्प्रिंग आणखी कडक लागते. दुकानदाराला हे शास्त्र फार आवडतं.

आता स्प्रिंगचा आकडा, म्हणजे रेट. जपानी आणि तैवानी किटं तो किलो प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात, अमेरिकन पाउंड प्रति इंचात. एका किलोला साधारण 56 पाउंड. सहा किलोची स्प्रिंग म्हणजे सहा किलो वजन ठेवलं की एक मिलिमीटर दबणारी. नवशिक्याला वाटतं मोठा आकडा चांगला, कारण शाळेत तसंच असायचं. थोडं थांबून गुणाकार करावा. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेलायचं वजन 280 किलो धरा. अडीच किलोच्या स्प्रिंगवर ती गाडी सेकंदाला सुमारे दीड वेळा वरखाली होते. रोजच्या मोटारी एक ते दीडच्या दरम्यान ठेवतात, आरामशीर मोटारी एकच्या जवळ. त्याच जागी सहा किलोची घातली की आकडा सव्वादोनच्या वर जातो. हा शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्या गाडीचा आकडा. सुलतान बाजारात साडी बदलून आणायला जाणाऱ्या गाडीचा नाही.

आणखी एक फसगत इथेच होते. डँपरवरची स्प्रिंग आणि चाक एकाच मापाने हलत नाहीत. मॅकफर्सनमध्ये दोघं जवळपास बरोबर चालतात, म्हणून स्प्रिंगचा आकडा थोडाफार चाकालाही लागू पडतो. डबल विशबोनमध्ये स्प्रिंग आर्मच्या अध्येमध्ये टेकते. चाक दहा हललं तर ती सात हलेल. अशा वेळी त्या सातदशांशाचा वर्ग करून स्प्रिंगच्या आकड्याला गुणायचं, म्हणजे दहा किलोची स्प्रिंग चाकाला जेमतेम पाच किलोची वाटते. तेव्हा नव्वदच्या दशकातल्या डबल विशबोनवाल्या जपानी सिव्हिकवर कोणी दहा किलो घातले म्हणून चाकणला बनलेल्या आपल्या पोलोवर दहा घालणारा माणूस तिच्या दुप्पट कडक गाडी चालवतो, आणि चार महिन्यांनी मणक्याच्या डॉक्टरकडे जाऊन खुर्चीला दोष देतो.

पुढची किती आणि मागची किती, याचं उत्तर मॉरिस ऑली नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दिलं. खड्ड्यात आधी पुढचं चाक जातं, मग मागचं. मागची बाजू थोडी वेगाने वरखाली झाली तर ती पुढच्या बाजूला गाठते, दोघी एकत्र उठतात, एकत्र बसतात, आणि गाडी होडीसारखी नाक खुपसत नाही. म्हणून मागचा ठेका पुढच्यापेक्षा किंचित जलद. पुढे सहा आणि मागे आठ असं डोळे झाकून घेण्याचं हे समर्थन नव्हे. मागच्या चाकांवर वजनच कमी असतं, त्यामुळे लहान आकड्याची स्प्रिंगसुद्धा तिथे जलद चालते.

हे ऑली महाशय जनरल मोटर्समध्ये जाण्याआधी रोल्स-रॉइसचे. त्या कंपनीची एक गाडी आपल्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे: सहाव्या निजामाने, महबूब अली पाशांनी, मागवलेली पिवळी सिल्व्हर घोस्ट, आत सिंहासनासारखी बैठक. पाशा 1911 मध्ये वारले, गाडी मुलाच्या कारकिर्दीत आली. तिला पाटे आहेत, कॉइल नाही, कॉलर नाही, क्लिक नाही. कॉइलओव्हरच्या दुकानात जाण्याआधी नवशिक्याने एकदा ती पाहून यावी. ज्या माणसाला जगातलं काहीही विकत घेता येत होतं, त्याने गाडी जमिनीपासून चांगली उंच ठेवली होती.

"पण आउटर रिंग रोडवर मजा येते ना!" येते, कबूल. 158 किलोमीटरचा तो रस्ता, 2023 पासून आतल्या लेनना ताशी 120 ची मुभा. तिथे चार-साडेचार किलोची स्प्रिंग खरोखर छान बसते, लेन बदलताना गाडी लगेच सावरते. अडचण एवढीच की रिंग रोडवर कोणी राहत नाही. तिथे पोचायला मेहदीपट्टणम, टोलीचौकी, गच्चीबावलीतून जावं लागतं, आणि रस्त्याची पातळी वाढत गेल्याने मॅनहोलची झाकणं खाली राहिली आहेत. काहीजण फॉर्म्युला ईचं उदाहरण देतात. 11 फेब्रुवारी 2023 ला हुसेनसागराकाठी ती शर्यत झाली, झाँ-एरिक व्हर्न जिंकला, अख्ख्या शहराने पाहिलं. पण त्यासाठी एनटीआर मार्गाचं डांबर खास नव्याने घातलं होतं, आणि पुढच्या वर्षीची शर्यत रद्दही झाली. आपल्यासाठी डांबर कोणी घालणार नाही.

खरी चाचणी म्हणून माझा मार्ग सुचवतो: काचीगुडा स्टेशन, बडी चावडी, सुलतान बाजार, कोठी, आणि विवेकवर्धिनीवरून जांबाग. मागच्या सीटवर आत्या बसवावी, तिच्या मांडीवर फुलांची पिशवी द्यावी. जांबागला पोचेपर्यंत ती एकदाही "अरे, हळू!" म्हणाली नाही तर आपण निवडलेला आकडा बरोबर. पुस्तकातला कुठलाही आलेख यापेक्षा अचूक नाही.

बसवताना दोन गैरसमज गॅरेजमध्येच सोडून यावेत. एक, कॉलर घट्ट आवळून स्प्रिंग आधीच दाबली की ती कडक होते. होत नाही; एकसारख्या वेटोळ्यांची सहा किलोची स्प्रिंग दाबल्यावरही सहाचीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते आणि चाकाला खाली जायची जागा कमी होते. म्हणून किट घेताना खालच्या ब्रॅकेटने उंची बदलणारं घ्यावं, त्यात डँपरची चाल शाबूत राहते. दुसरा गैरसमज क्लिकांचा. खुंटीला तीस क्लिक असतात आणि नवशिक्या तिसाव्यावर जाऊन थांबतो. त्या क्लिक स्प्रिंग कडक करत नाहीत. बहुतेक किटांमध्ये दबलेली स्प्रिंग परत उसळण्याचा वेग त्या आवरतात. फार आवरला तर एका खड्ड्यातून स्प्रिंग पूर्ण सुटायच्या आत दुसरा येतो, आणि हैदराबादेत दुसरा येतोच. तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला गाडी बंप स्टॉपवर. अगदी नरमपासून सुरू करून दोन-दोन क्लिक वाढवाव्यात आणि डोलणं थांबलं की हात आवरावा. आणि बसवून झाल्यावर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. उंची बदलली की टो आणि कँबर हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात. नाहीतर टायरची आतली कड महिन्याभरात खाल्ली जाते आणि ती बाहेरून दिसत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आरसीवर सस्पेन्शनचा रकानाच नाही, कोण विचारतो" असं सांगणारे वकील फक्त गॅरेजमध्ये भेटतात. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस येतो तो दुसऱ्या ठिकाणाहून.

माझा स्वतःचा कौल विचाराल तर असा. गाडीला साठ-सत्तर हजार किलोमीटर झाले असतील तर आधी डँपर, वरची माउंटिंग, खालच्या आर्मचे बुश आणि लिंक रॉड बदला. पोलो किंवा स्विफ्टची निम्मी चंचलता तिथेच संपते, आणि खर्च किटच्या तुलनेत किरकोळ. त्यानंतरही हौस उरली तर पुढे साडेतीन ते चार किलो, मागे त्या हिशेबाने, आणि उंची फार तर एक बोट कमी. सहाच्या पुढचे आकडे दुसऱ्याच्या गाडीत बसून अनुभवावेत.

आणि बसवाच, तर दर पावसाळ्यानंतर कॉलर सोडवून आटे ब्रशने साफ करा. मलकपेटच्या रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यातून दोन-तीनदा गाडी काढली की चिखल आट्यांत वाळतो, कॉलर गंजून जाम होते, आणि लाखाचं ॲडजस्टेबल किट एकाच उंचीवर कायमचं बसतं. गाडीचं मूळ सस्पेन्शन मात्र भंगारात घालू नका. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागतं.